"डिग्री सोडा, सहा महिन्यांचा कोर्स करा" म्हणे. जरा थांबा की

आमच्या दहावीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात तोच मेसेज चौथ्यांदा पडला आणि खाली अंगठ्यांची रांग. मेसेज लांबलचक आहे, सार एवढंच: डिग्री म्हणजे नुसता कागद, कंपनीत कोण विचारत नाही; किर्लोस्कर आणि कर्मवीर अण्णा कुठल्या डिग्रीवर मोठे झाले; जर्मनीत पोरं कॉलेजला नाही, कारखान्यात जातात; कॉलेजात स्किल शिकवणं हे सरकारचं नाटक आहे; तेव्हा तीन वर्षं घालवू नका, सहा महिन्यांचा कोर्स करा आणि कमवायला लागा. मी सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत जॉबवर्क करतो, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे पार्ट बनवून देतो, चार सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन) आणि दोन म्हातारे लेथ, म्हणजे "कंपनीत कोण विचारत नाही" मधली कंपनी मीच झालो की. मग मला बोलू द्या.

आधी त्या सहा महिन्यांचं बघू. मागच्या वर्षी असाच कोर्स केलेला पोरगा घेतला. वेळेवर यायचा, जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, चकात (मशीनच्या पकडीत) लावायचा, सायकल स्टार्ट दाबायचा, काही तक्रार नाही. एका दुपारी शाफ्ट चालले होते, व्यास 40 मिलिमीटर पाहिजे आणि मायक्रोमीटरला (बारीक माप घ्यायच्या साधनाला) 40.04 यायला लागला, इन्सर्ट, म्हणजे कापायचं पातं, झिजला होता. ऑफसेटला, म्हणजे मशीनमधल्या माप-दुरुस्तीच्या खान्यात, उणे 0.04 टाकायचं, एवढंच काम. गड्यानं टाकलं उणे 0.4. आणि पुढचा पीस मोजला नाही, सरळ लावत सुटला. मी चहा पिऊन येईपर्यंत अकरा शाफ्ट 39.64 होऊन ट्रेमध्ये शिस्तीत झोपलेले. जाड राहिले असते तर परत कट मारला असता, बारीक झालेलं लोखंड कुठनं परत आणायचं? शिव्या घातल्या, खोटं कशाला बोलू. पण राग उतरल्यावर विचारलं, अरे शतांश म्हणजे काय माहितीय का, तर म्हणतो, "दादा, कोर्सला बटणं शिकवली, हे नाही सांगितलं." त्याचं चुकलं नाही ओ. आयटीआयचा फिटर पण दोन वर्षांचा असतो, वेल्डरला वर्ष लागतं, आणि हे सहा महिन्यात सगळं उरकणार.

आता मेसेजवाल्याच्या बाजूनं पण सांगतो, नाहीतर म्हणाल हा कॉलेजवाल्यांचा माणूस दिसतोय. त्या पोराच्या आधी एक इंजिनिअर आला होता, मार्क चांगले, टूल लाइफचं (हत्यार किती टिकेल त्याचं) गणित फळ्यावर धडाधड सोडवायचा, आणि हातात मायक्रोमीटर दिला तर रॅचेट (जोर बेताचा ठेवणारी टोकाची कळ) सोडून थिंबलच (फिरवायची नळी) आवळत बसला, जसं काय सी-क्लॅम्प लावतोय. चार वर्षात त्यानं तो फक्त चित्रात बघितला होता. तेव्हा रोग आहे, हे मलाही मान्य. पण एकाला नुसतं डोकं दिलं आणि दुसऱ्याला नुसती बटणं, यावर उपाय म्हणून सगळ्यांनाच बटणांकडं पाठवा म्हणता, हे कुठलं औषध?

आता मेसेजातल्या किर्लोस्करांचं. इथनं तासाभरावर किर्लोस्करवाडी आहे, निदान आपल्या जिल्ह्यातल्या माणसानं तरी असं फॉरवर्ड करू नये. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात सायकली विकायचे हे सगळ्यांना पाठ आहे, त्याच्या आधीचं कोण सांगत नाही. ते मुंबईला जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले, रंग नीट ओळखता येईनात म्हणून चित्रं सोडली आणि मेकॅनिकल ड्रॉइंगकडं वळले, पुढं व्हीजेटीआय या मुंबईच्या तांत्रिक संस्थेत तेच शिकवायला लागले. म्हणजे 1910 मध्ये कुंडल रोड स्टेशनच्या माळावर निवडुंग तोडून कारखाना उभा करणारा माणूस आधी ड्रॉइंगचा मास्तर होता! डिग्री नव्हती, बरोबर. शिक्षण नव्हतं, हे साफ खोटं.

कर्मवीर अण्णांचं तर उलटंच आहे. स्वतः फार शिकले नाहीत, ओगल्यांची काच आणि किर्लोस्करांचे नांगर विकत फिरले, आणि त्या माणसानं पोरांना "शिकू नका, विका" असं सांगितलं का? 1919 ला काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, साताऱ्यात बोर्डिंग काढलं, 1947 ला छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं. तिथली पोरं शेतात राबायची, खडी फोडायची आणि वर्गात पण बसायची. कमवा आणि शिका. त्यातला "आणि" कुणी खाल्ला ते मेसेजवाल्यालाच विचारा.

जर्मनी, एका दमात. तिथं पोरगं कारखान्यात जातं हे खरं, पण आठवड्यातला एक-दोन दिवस शाळेत बसतं आणि हे साधारण तीन-साडेतीन वर्षं चालतं. सहा महिने कुठनं काढले देव जाणे.

आणि हे काय फक्त मशीनवाल्यांचं नाही. 2016 च्या आसपास आमच्याकडं अकाउंटला एक पोरगा होता, व्हॅटचे रिटर्न भरायचा छोटा कोर्स केलेला, हात एकदम साफ. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि बिचारा स्क्रीनकडं बघत बसला, कारण त्याला कुठल्या खान्यात काय भरायचं ते पाठ होतं, इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) का मिळतं ते माहीत नव्हतं. शेजारच्या युनिटमधल्या बीकॉमच्या पोरीनं महिनाभरात गाडी रुळावर आणली, पण तिलाही पहिलं इ-वे बिल (माल पाठवताना लागणारा ऑनलाइन कागद) आमच्या ट्रान्सपोर्टवाल्यानंच शिकवलं बरं का.

राहिलं सरकारी नाटक. अप्रेंटिसच्या (शिकाऊ उमेदवारांच्या) कायद्यात इंजिनिअरिंगचे पदवीधर 1973 पासनं आहेत, तेव्हा हे काल सुचलेलं खूळ नाही. बी. व्होक., म्हणजे कामाचं कौशल्य शिकवणारी डिग्री, 2014 पासनं आहे, त्यात मूळ नियमानं एका वर्षानं बाहेर पडला तर डिप्लोमा, दोन वर्षांनी अॅडव्हान्स्ड डिप्लोमा, तीन झाली तर डिग्री, मग "तीन वर्षं वाया" कुठं गेली? नाटक म्हणायचंच असेल तर ते वेगळीकडं चाललंय आणि ते मी रोज बघतो. नवीन शैक्षणिक धोरणात कॉलेजच्या पोरांना ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामावर शिकणं, आहे, चार क्रेडिट, एका क्रेडिटला तीस तास, म्हणजे 120 तास. मध्यंतरी एका कॉलेजची तीन पोरं तास भरल्याचा कागद घेऊन आली, दाराबाहेर गाडी चालूच, "काका, फक्त शिक्का द्या, सर म्हणालेत चालतंय." कुणाला चालतंय? सरांना तपासायला यायला वेळ नाही, पोराला राबायला वेळ नाही, आणि माझ्यासारखे निम्मे लोक नको ती कटकट म्हणून शिक्का मारून मोकळे होतात, मीही दोनदा मारलाय.

यावेळी नाही मारला. म्हटलं, सोमवारी सकाळी आठला या, बूट घालून, चप्पल चालणार नाही, पहिला आठवडा नुसतं मोजायचं, मशीनला हात लावायचा नाही. ट्रेमधले ते अकरा शाफ्ट मी टाकले नव्हते, तेच दिले मोजायला. दोघं आले. त्यातल्या एकानं तिसऱ्या दिवशी विचारलं, "काका, सगळे एकसारखेच कसे चुकलेत?" तिसरा अजून शिक्का शोधत फिरतोय, तुमच्याकडं आला तर माझ्याकडं पाठवा.