‘पाच मिनिटांचा तक्ता’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार.

आमच्या स्पॅनिशच्या वर्गाबद्दलचा तुमचा दोन ताऱ्यांचा अभिप्राय वाचला. मुद्देसूद लिहिलाय, म्हणून उत्तरही सविस्तर देते. शिवाय नवीन बॅचची चौकशी करणारे आधी अभिप्राय वाचतात आणि मग फोन करतात, त्यांनाही आमची बाजू कळू दे.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. ए-वनच्या, म्हणजे अगदी पहिल्या पातळीच्या बॅचमध्ये पोदेर (करू शकणे), पेन्सार (विचार करणे), दोर्मीर (झोपणे) अशा मधेच स्वर बदलणाऱ्या क्रियापदांवर दोन आठवडे घालवले. यूट्यूबवर पाच मिनिटांत समजणारा बुटाचा तक्ता मॅडमनी दिलाच नाही, उलट नोकरी करणाऱ्या मोठ्या माणसांना बालवाडीसारखं बाकावर ठेके धरायला लावलं. आणि एवढं करून शिकवलेलं ‘प्वेदेस’ (तू करू शकतोस) चुकीचं निघालं, कारण तुमचा ब्वेनोस आयरेसचा क्लायंट रोज ‘पोदेस’ म्हणतो. फीचा मुद्दा शेवटी घेते.

बुटाचा तक्ता ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. सहा रूपं दोन उभ्या रांगांत मांडायची, डावीकडे मी, तू, तो आणि उजवीकडे आम्ही, तुम्ही, ते. ज्या चार खणांत स्वर बदलतो त्यांच्याभोवती रेघ ओढली की बूट दिसतो. प्वेदो, प्वेदेस, प्वेदे आणि उजवीकडे तळाला प्वेदेन ही बुटाच्या आत, पोदेमोस आणि पोदेइस बाहेर. चित्र गोंडस आहे आणि उद्याच्या चाचणीपुरतं चालतंही. पण नेमकी हीच दोन रूपं बाहेर का, हे बूट सांगत नाही. म्हणून तो आम्ही पहिल्या दिवशी हातात देत नाही. ज्यांना हवा त्यांनी घरी जरूर काढावा.

उत्तर आहे जोरात, म्हणजे उच्चारताना शब्दाच्या कुठल्या भागावर भर पडतो त्यात. ‘प्वेदो’ म्हणताना भर धातूवर आहे. ‘पोदेमोस’ म्हणताना तो सरकून ‘दे’वर जातो. लॅटिनमधले ऱ्हस्व ओ आणि ऱ्हस्व ए भराखाली आले की स्पॅनिशमध्ये त्यांचे ‘वे’ आणि ‘ये’ झाले, भर नसला की ते तसेच राहिले. एवढं एक कळलं की पेन्सारचं प्येन्सो, पण पेन्सामोस. दोर्मीरचं द्वेर्मो, पण दोर्मीमोस. सहा खण पाठ करायची गरज उरत नाही, भर कुठे आहे ते ऐकलं की झालं.

आणि हे फक्त क्रियापदांचं नाही. सात म्हणजे स्येते, पण सत्तर सेतेन्ता. नऊ न्वेबे, नव्वद नोबेन्ता. दार प्वेर्ता, पण दारवान पोर्तेरो, आणि फुटबॉलमधला गोलकीपरही पोर्तेरोच. बर्फ न्येबे, पण बर्फाच्छादित डोंगररांग सिएरा नेवादा. देश बेनेस्वेला, तिथला माणूस बेनेसोलानो. हे सगळे शब्द तुम्ही ए-वनमध्येच शिकलात किंवा नकाशात पाहिलेत. बुटाच्या तक्त्यात यातला एकही बसत नाही.

आपल्याला हे इतकं परकं वाटायचं कारण नाही. दूध, पण दुधात. फूल, पण फुलाला. वीट, पण विटा. यासाठी कुणी मराठी माणसाने तक्ता पाठ केलेला नाही, पुढे प्रत्यय आला की आधीचा स्वर आखडतो एवढं कानाला ठाऊक असतं. कुठला शब्द बदलतो आणि कुठला नाही हे मात्र सवयीनेच येतं. गरीबचं गरिबाला होतं, शरीरचं शरीराला राहतं. स्पॅनिशमध्येही तसंच आहे. देफेन्देरचं देफ्येन्दो होतं, ओफेन्देरचं ओफेन्दोच राहतं. कोन्तारचं क्वेन्तो, मोन्तारचं मोन्तो. नुसतं मूळ रूप पाहून हे ओळखता येत नाही, याबद्दलची तुमची चिडचिड रास्त आहे. त्यावर वर्गात एक उपाय सांगितला जातो, तो इथेही लिहिते. त्या क्रियापदाच्या घरातलं नाम आठवा. हॉटेलात बिल मागताना ‘ला क्वेन्ता’ म्हणता ना? मग कोन्तारचं क्वेन्तो होणारच. विमानाचं उड्डाण ब्वेलो, म्हणून बोलार (उडणे) बदलतं. दुपारचं जेवण अल्म्वेर्सो, म्हणून अल्मोर्सार बदलतं. प्रत्येक वेळी नाम सापडेलच असं नाही, पण बऱ्याचदा सापडतं.

आता ठेक्यांबद्दल. मराठीत भर बदलला म्हणून अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपला कान तिकडे लक्षच देत नाही. स्पॅनिशमध्ये ‘आब्लो’ म्हणताना भर ‘आ’वर असला तर ‘मी बोलतो’ आणि शेवटावर असला तर ‘तो बोलला’. मी हे देवनागरीत लिहितेय आणि दोन्ही अगदी एकसारखं दिसतंय, अडचण नेमकी हीच आहे. आमच्याकडे येणारे बरेच जण सुरुवातीला वहीत स्पॅनिश देवनागरीत उतरवतात. उच्चार बराचसा जमतो, भर मात्र कागदावर येतच नाही. तो हाताने ठोकून दाखवावा लागतो. तुम्हाला ते पोरकट वाटलं, याचं मला आश्चर्य नाही, पहिल्या दिवशी बहुतेकांना वाटतं. पण देले या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेत वाचन, लेखन आणि श्रवणाच्या जोडीला बोलण्याचाही स्वतंत्र भाग असतो. परीक्षक समोर बसलेला असताना मनातल्या मनात बूट काढून खण मोजत बसायला वेळ मिळत नाही.

तुमच्या क्लायंटचा मुद्दा मला सगळ्यात आवडला, कारण तो मॅडमच्याच बाजूने जातो. आर्जेन्टिनात, उरुग्वायमध्ये आणि मध्य अमेरिकेच्या बऱ्याच भागात ‘तू’साठी ‘तु’ऐवजी ‘बोस’ वापरतात. ‘बोस’च्या रूपात भर शेवटावर पडतो. भर धातूवरून हटला, म्हणजे स्वर बदलायचं कारणच संपलं. म्हणून बोस पोदेस, बोस केरेस, बोस तेनेस. माद्रिदमधला किंवा मेक्सिको सिटीतला माणूस तुम्हाला प्वेदेस, क्येरेस, त्येनेस म्हणेल. दोन्ही बरोबर आहेत आणि दोन्ही एकाच नियमाने चालतात. स्पॅनिश अकादमीच्या शब्दकोशातल्या क्रियापदांच्या तक्त्यातही दोन्ही रूपं शेजारी शेजारी दिलेली आहेत. बुटात मात्र ‘बोस’ला खण नाही. ज्याने फक्त बूट पाठ केला त्याला तुमचा क्लायंट चुकतोय असं वाटलं असतं, किंवा तुमच्यासारखं आपली शिक्षिका चुकतेय असं.

ए-वनमध्ये आम्ही ‘तु’ची रूपं शिकवतो, ‘बोस’ची फक्त ओळख करून देतो. तुमचं काम आर्जेन्टिनाशीच असेल तर प्रवेशाच्या वेळी सांगा, सराव त्याप्रमाणे देता येतो.

‘नियम सांगतात आणि तेंगोपाशी लगेच मोडतो’ असंही तुम्ही लिहिलंय. तेनेरमध्ये (जवळ असणे) दोन गोष्टी एकमेकींवर आल्यात. ‘मी’च्या रूपात ‘ग’ घुसतो, तेंगो. बाकी ठिकाणी नेहमीचा नियम चालतो, त्येनेस, त्येने, तेनेमोस. बेनीरचंही तसंच, बेंगो आणि ब्येनेस. हुगारचं ह्वेगो हे ‘उ’चा ‘वे’ होणारं एकच नेहमीच्या वापरातलं क्रियापद, आणि तेही जुन्या स्पॅनिशमध्ये ‘ओ’चंच होतं. खरी कुरापत वेगळीच आहे. पेदीरचं पीदो होतं, ‘ये’ होत नाही, आणि भूतकाळात पिदियो, दुर्मियो या रूपांत भर धातूवर नसतानाही स्वर बदलतो. तिथे पुढच्या प्रत्ययातल्या ‘यो’चा परिणाम मागच्या स्वरावर होतो. ही भानगड फक्त ‘ईर’ने संपणाऱ्या क्रियापदांत आहे, आणि भूतकाळ आला की ती पुन्हा वर्गात निघते. ए-वनच्या दोन आठवड्यांत तीही कोंबली असती तर तुमचा अभिप्राय एका ताऱ्याचा झाला असता.

राहिली फी. तिसऱ्या तासापर्यंत बॅच सोडल्यास उरलेली रक्कम परत मिळते, नंतर मिळत नाही. हे प्रवेश अर्जावर सहीच्या वरच छापलेलं आहे आणि सगळ्यांना एकच नियम आहे. तुम्ही निम्मी बॅच झाल्यावर सोडलीत, त्यामुळे पैसे परत करता येणार नाहीत. पण उरलेले तास वाया जाऊ नयेत असं मलाही वाटतं. रविवार सकाळच्या बॅचचा तोच भाग अजून व्हायचा आहे. त्यात तुम्ही जादा फी न भरता बसू शकता, शिक्षिका दुसऱ्या आहेत. ठेके त्याही धरायला लावतात, हे आधीच सांगून ठेवते. यायचं असेल तर शनिवारपर्यंत ऑफिसात पावती क्रमांक कळवा. सोमवारी ऑफिस बंद असतं.

– संचालिका