सप्तद्वीपे म्हणजे आजचे सात खंड नव्हेत

चवथ जवळ आली की गोव्यातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हटकून फिरू लागतो: पुराणांतली सात द्वीपे म्हणजे आजचे सात खंड, पुष्करद्वीप म्हणजे अमेरिका, बौद्ध ग्रंथही हेच सांगतात आणि पूजेच्या संकल्पात भटजी ‘जंबुद्वीपे भरतवर्षे’ म्हणतात तो याच नकाशाचा उच्चार.

विष्णुपुराणाच्या दुसऱ्या अंशातली द्वीपे मुळात शेजारी-शेजारी नाहीत. मधोमध मेरू पर्वत असलेले जंबुद्वीप एक लक्ष योजने (योजन हे अंतराचे जुने माप) रुंद. त्याला खाऱ्या समुद्राचा वेढा, त्याबाहेर दुप्पट विस्ताराचे प्लक्षद्वीप, मग उसाच्या रसाचा समुद्र, आणि याच क्रमाने शाल्मल, कुश, क्रौंच, शाक ओलांडल्यावर सर्वांना वेढून असलेले पुष्करद्वीप. अमेरिका आशियाला वेढत नाही. पुढच्या द्वीपांभोवतीच्या तूप, दही आणि दुधाच्या समुद्रांबद्दल तर संदेश चकार शब्द काढत नाही.

सात हा आकडा तेवढा जुळतो. पण खंड सात मोजणे हा अलीकडचा संकेत आहे. युरोप-आशिया एकच धरणारेही आहेत, आणि अंटार्क्टिकाचे पहिले दर्शन १८२० मधले.

पुराणांची मापे पृथ्वीवर बसत नाहीत, हे आपल्याच ज्योतिर्विदांना ठाऊक होते. भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘सिद्धांतशिरोमणी’त गोल पृथ्वीचा परीघ ४,९६७ योजने दिला, त्या गोलावर एक लक्ष योजनांचे जंबुद्वीप मावणार कसे? त्यांनी द्वीपांची नावे कायम ठेवली, मापे सोडली, आणि सबंध उत्तर गोलार्ध जंबुद्वीपाला देऊन उरलेली सहा द्वीपे दक्षिणेत घातली. या मांडणीत युरोप आणि उत्तर अमेरिकाही जंबुद्वीपातच पडतात.

बौद्ध ग्रंथांची साक्ष तर उलटीच आहे. बौद्ध आचार्य वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशा’त मेरूच्या चार दिशांना चारच द्वीपे आहेत: पूर्वविदेह, जंबुद्वीप, अवरगोदानीय आणि उत्तरकुरु. पुराणांत मेरू जंबुद्वीपाच्या पोटात आणि उत्तरकुरु हे त्याचेच एक वर्ष, म्हणजे भूभाग. इथे दोन्ही त्याच्या बाहेर. अशोकाच्या रूपनाथच्या लेखात हेच जंबुद्वीपाचे नाव त्याचा धर्मप्रसार चालला होता त्या भूमीसाठी येते. एकाच नावाची व्याप्ती ग्रंथागणिक अशी बदलत असताना त्यावर आधुनिक खंडांचे शिक्के मारणे हा उतावळेपणा आहे.

संकल्पाचा दाखला सर्वांत तकलादू. श्वेतवाराहकल्पापासून आजच्या तिथीपर्यंत काळ आणि जंबुद्वीपापासून दक्षिणापथापर्यंत स्थळ आवळत आणून यजमान कुठे, केव्हा बसला आहे एवढेच त्यात सांगायचे असते. प्लक्ष, शाल्मल किंवा पुष्कर यांचे नाव त्यात येत नाही, कारण पूजा तिथे चाललेली नसते.