सोळा तासांचा उपवास आणि पेशींतली सफाई

एकादशी जवळ आली की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हमखास फिरतो: सोळा तास उपाशी राहिल्यावर पेशी स्वतःतला कचरा खाऊ लागतात, कर्करोगाच्या पेशीही त्यातच फस्त होतात, आणि हे सिद्ध केल्याबद्दल एका जपानी शास्त्रज्ञाला नोबेल मिळाले.

नोबेल खरे आहे. योशिनोरी ओसुमी यांना ते २०१६ साली ऑटोफॅजीच्या, म्हणजे पेशीने स्वतःतलेच भाग मोडून पचवण्याच्या क्रियेच्या, अभ्यासासाठी मिळाले. मात्र त्यांचे प्रयोग उपवासकऱ्यांवर नव्हे, यीस्टवर झाले होते. प्रथिने पचवणारी विकरे (एन्झाइम) नसलेले यीस्ट घेऊन त्यांनी त्याची उपासमार केली, तेव्हा काही तासांतच त्या पेशींची रिक्तिका (पेशीतला पचनाचा कप्पा) न पचलेल्या पिशव्यांनी भरून गेली. उपासमारीने माल गोळा झाला, पण विकरांवाचून तो तसाच पडून राहिला, आणि संदेशात नेमका या विकरांचाच पत्ता नाही.

सोळा तासांनी ही क्रिया ‘सुरू होते’ हेही चूक, कारण ती संथ गतीने सदैव चालूच असते आणि तिचा वेग विकरेच ठरवतात. अमिनो आम्ले व इन्सुलिन मुबलक असताना एमटॉर हे विकर तिला आवरून धरते. ऊर्जा घटली की एएमपीके हे दुसरे विकर तिला चालना देते. मग टाकाऊ भागांभोवती पिशवी तयार होऊन ती लायसोसोम या आपल्या पेशींतल्या पचनाच्या कप्प्याला मिळते, जिथल्या आम्लात पन्नासहून अधिक विकरे तिच्यातील मालाचे तुकडे करतात. त्यातून सुटलेली अमिनो आम्ले एमटॉरला पुन्हा जागे करतात, म्हणजे लगामही आतूनच ओढला जातो. यात घड्याळाचा ठरावीक काटा कुठेच नाही. शिवाय आपल्याकडचा उपवास म्हणजे ‘एकादशी, दुप्पट खाशी’: साबुदाण्याच्या खिचडीतल्या पिष्टाची साखर झाली की इन्सुलिन वाढते, आणि संदेशाचा हिशेब त्याच्याच नियमाने कोसळतो.

कर्करोगाचा दावा सर्वांत घातक आहे. पेशी या क्रियेत स्वतःच्या आतले जीर्ण भाग मोडते. शेजारची रोगट पेशी हुडकून खाणे हे तिचे काम नव्हे. उलट, वाढलेल्या गाठीतल्या अन्न-प्राणवायूला मुकलेल्या पेशी याच क्रियेच्या आधारावर तग धरू शकतात, आणि म्हणूनच हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन हे मलेरियावरचे औषध देऊन ती रोखता येते का, याच्या चाचण्या कर्करुग्णांवर झालेल्या आहेत.