वर तोंड केलेला बाण

पोटदुखी थांबली होती. रिपोर्ट वाचला आणि पुन्हा सुरू झाली.

सीरम अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडात तयार होणारं पचनाचं एक विकर, रक्तात १३२. कमाल मर्यादा ११०. आकडा ठळक अक्षरांत आणि शेजारी वर तोंड केलेला बाण. तिथलंच दुसरं विकर, लायपेज, मात्र ४० होतं, मर्यादा ६०. त्याला बाण नाही, म्हणून त्याच्याकडे कुणी बघेना. डॉक्टर संध्याकाळी भेटणार होते आणि तोवर इंटरनेट मोकळंच होतं. दुपारपर्यंत माझ्या स्वादुपिंडाला सूज आली, चहाच्या वेळेला ती गंभीर झाली.

तेवढ्यात मेहुणा आला. त्यानं स्वतःचा जुना रिपोर्ट उघडला. "दाजी, माझं लायपेज ९०! तरी बाण नाही." त्याच्या लॅबची मर्यादा १६० होती, हे बायकोनं दाखवलं. लॅबची पद्धत बदलली की मर्यादाही बदलते. पण ९० हे ४० पेक्षा जास्त, एवढं मेहुण्याला पुरेसं होतं. तो गप्प झाला. घरात आता रुग्ण दोन.

डॉक्टरांनी रिपोर्टकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सूज असती तर आकडा बहुधा मर्यादेच्या तिपटीच्या वर गेला असता आणि तुम्ही इतकं बोलत बसला नसता."

"पण अमायलेज वाढलंय ना?"

"ते लाळग्रंथींतूनही येतं. गालगुंड झाले तरी वाढतं, मूत्रपिंडाचं काम मंदावलं तरी वाढतं. काहींच्या रक्तात ते प्रथिनाला चिकटून एवढं मोठं होतं की मूत्रपिंडातून गाळलंच जात नाही. आकडा कायम वर, माणूस ठणठणीत." लायपेज मुख्यतः स्वादुपिंडाचंच. शिवाय दुखणं सरल्यावर अमायलेज काही दिवसांत उतरतं, लायपेज आठवडाभर तरी रेंगाळतं. म्हणून त्या बिनबाणाच्या आकड्याला ते जास्त मान देत होते.

"मग ही ११० ची मर्यादा कशाची?"

"निरोगी माणसांपैकी मधल्या ९५ टक्क्यांची. उरलेले निरोगी असूनच बाहेर पडतात."

शाळेत असताना वरच्या अडीच टक्क्यांत यावं म्हणून घरच्यांनी केवढी खटपट केली होती! (क्लासची फी अक्षरशः पाण्यात गेली.)

डॉक्टरांनी काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी लिहून दिली, ती घडी करून खिशात ठेवली. घरी आलो तर मेहुणा फोनवर माझ्या लॅबची वेळ घेत होता. ६० मर्यादेच्या लॅबमध्ये आपलं किती भरतं, ते त्याला बघायचंय म्हणे.