हिरवं दिसतंय म्हणून रान चांगलं असं नाही

डिसेंबर-जानेवारीत महामार्गाने रत्नागिरी-राजापूरकडे येताना, रस्त्यासाठी कापलेल्या डोंगरांवर फिकट जांभळट-पांढऱ्या फुलांचे झुबके दिसतात. लोक गाडी बाजूला घेऊन फोटो काढतात आणि "कोकण फुललं" म्हणून इथे टाकतात. अशा प्रत्येक फोटोखाली मला जे लिहावंसं वाटतं ते आज एकदाच सविस्तर लिहितोय. ती रानमोडी आहे, आपोआप माजणारं एक झुडूप. मूळची अमेरिका खंडातली. फेब्रुवारी-मार्चपर्यंत त्या फुलांच्या म्हाताऱ्या होतात, एकेका झुडपातून हजारोंनी, आणि वाऱ्याबरोबर पुढच्या डोंगरावर जाऊन पडतात.

कोकणाची अडचण अशी की इथे बिघडलेलं रान ओसाड दिसत नाही. देशावर जमीन बिघडली की डोळ्यांना कळते. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, काहीही उगवतं, आणि हिरवं दिसलं की आपण निश्चिंत. पण त्या हिरव्यात गुरं तोंड घालत नाहीत, भाजावळीला, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, कवळ (पाल्याच्या फांद्या) मिळत नाही, आणि खाली पडलेल्या किंजळ-ऐनाच्या बियांना वर यायला उजेड मिळत नाही. गर्द हिरवं आणि आतून रिकामं, असं रान आपल्या डोळ्यांदेखत तयार होतंय आणि आपण त्याला निसर्ग म्हणतोय.

हे का झालं ते गावात राहणाऱ्या कुणालाही माहीत आहे. वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या जमिनीत नाचणी-वरी व्हायची, गवत कापलं जायचं, घरोघरी गुरं होती. माणसं मुंबईला गेली, गुरं विकली गेली, जमीन पडीक पडली. रानमोडीला ऊन आणि मोकळी जागा लागते. दाट सावलीत ती तग धरत नाही, म्हणून जुन्या देवराईच्या पोटात ती क्वचित दिसते आणि देवराईच्या कडेला, जिथे रस्ता काढलाय तिथे, माणसाच्या वर उंच गेलेली असते. सावली तोडली की आपण तिला दार उघडून देतो.

दुसरं दार वणव्याचं. ही झुडपं मार्च-एप्रिलमध्ये काडीसारखी वाळतात आणि अशी भडकतात की बेणणी (झाडझुडूप-गवताची साफसफाई) न केलेल्या शेजारच्या पडीक जमिनीतून आग थेट कलमांत शिरते. काजूची, हापूसची धरती झाडं जळाल्याच्या बातम्या दरवर्षी वाचतो आपण. आग विझते, सगळे म्हणतात बरं झालं, रान साफ झालं. जूनमध्ये जाऊन बघा. जमिनीखाली रानमोडीचा बुंधा जिवंत असतो आणि इतर काही फुटायच्या आत तिचे धुमारे वर आलेले असतात. प्रत्येक वणव्यानंतर ती वाढते. "जाळलं की संपलं" म्हणणाऱ्या गाववाल्यांना मी हात जोडून सांगतो की आपण तिची पेरणी करतोय.

तिसरं दार डंपरचं, आणि याबद्दल कुणी बोलत नाही याचा मला खरोखर त्रास होतो. चिऱ्याच्या खाणीवरची माती, भरावाची माती, जेसीबीची चाकं, सगळ्यांबरोबर बी फिरतं. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, कलमं लावायची म्हणून कातळावर बाहेरून माती आणून ओततात आणि त्या मातीबरोबर ज्या झुडपांचा तिथे कधी संबंध नव्हता ती येतात. सडा म्हणजे पडीक जागा नव्हे. पावसाळ्यात याच कातळावर कीटक खाणाऱ्या सीतेच्या आसवांचे निळे गालिचे येतात, याच कातळावर कोकणाबाहेर न आढळणारी दीपकाडी पांढरी फुलते, आणि याच कातळावर आपली कातळशिल्पं आहेत. तिथे एकदा झुडपं माजली की दीपकाडी पुन्हा आणायची कुठून?

गणपतीच्या वर बांधतात त्या माटवीला कवंडळं, हरणं, शेरवडं, कळलावी अशी रानातली फळं-फुलं लागतात. वाडीतल्या जाणत्या बायकांना विचारा, पूर्वी ती घराच्या मागे मिळायची, आता किती लांब जावं लागतं. गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेला जिथे ती उगवायची तिथे आज घाणेरी, रानमोडी आणि नारिंगी-पिवळा कॉसमॉस आहे. कॉसमॉस मेक्सिकोचा. दिसायला सुरेख, म्हणून काहीजण मुद्दाम बी आणून रस्त्याकडेला टाकतात. कृपा करून टाकू नका.

आता हमखास येणारा प्रश्न: मग काजूही परदेशीच ना? हो, काजू ब्राझीलचा, मिरची, पपई, अननसही तिकडचेच, पोर्तुगिजांबरोबर आलेले. त्यांच्याशी भांडण असायचं कारण नाही. जगभरच्या शास्त्रज्ञांच्या आंतरशासकीय मंचाचा 2023चा अहवाल सांगतो की माणसाने इकडून तिकडे नेलेल्या 37,000हून अधिक जाती नोंदल्या गेल्यात आणि त्यातल्या 3,500हून अधिक हानिकारक ठरल्यात. म्हणजे शंभरातल्या साधारण दहा. प्रश्न त्या दहांचा आहे, ज्या लावल्याशिवाय पसरतात आणि दुसऱ्याला जगू देत नाहीत. गिरिपुष्पाबद्दल, म्हणजे आपल्या उंदीरमारीबद्दल, माझं मत मवाळ आहे. बांधावर हिरवळीच्या खताला ती उपयोगी पडते, फक्त दरवर्षी छाटली पाहिजे आणि शेंगा धरू देता कामा नये. सामाजिक वनीकरणात लावलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळीबद्दल मात्र मी मवाळ नाही. तिच्या पाल्याच्या थराखाली गवताची काडी उगवत नाही, आणि पक्षी तिचं बी दूरवर नेतात.

यातलं बरंचसं हौसेने आलंय. घाणेरी 19व्या शतकाच्या सुरुवातीला शोभेसाठी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली, रानमोडीही त्याच शतकात तिथूनच पसरली, आणि आफ्रिकन गोगलगाय 1847 साली एका इंग्रज संग्राहकाने मॉरिशसहून कलकत्त्यात आणून सोडली. आज तेच काम नर्सरीची कुंडी करतेय. नवीन बंगल्याला, रिसॉर्टला लॉन आणि शोभेची झाडं येतात, त्यांच्या मातीत या गोगलगायीची वाटाण्याहून लहान, पिवळसर अंडी असतात. नारळाची चक्राकार पांढरी माशी 2016मध्ये तमिळनाडूत पोल्लाचीला पहिल्यांदा नोंदली गेली आणि रोपांबरोबर किनाऱ्याने वर सरकत आपल्या आगरांत पोचली. झावळीच्या खाली पांढरी मेणचट वर्तुळं आणि खालच्या पानांवर काजळी दिसली की समजा तीच. घाईने जहाल कीटकनाशक मारू नका, कारण तिला मारणारी एन्कार्सिया नावाची छोटी गांधीलमाशी त्याने आधी मरते. जोराच्या पाण्याने झावळ्या धुवा, पिवळे चिकट सापळे लावा आणि काजळी दिसलेल्या बागेतून रोपं बाहेर देऊ नका. गोगलगाय उघड्या हाताने उचलू नका, तिच्यात माणसाला बाधणारा जंत असू शकतो. हातमोजा किंवा पिशवी घालून रात्री गोळा करा आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. मीठ जमिनीवर पसरू नका.

पण सगळ्यात स्वस्त इलाज म्हणजे लवकर ओळखणं. जिथे रानमोडीने अख्खा डोंगर व्यापलाय तिथे आधी हात घालू नका, दमून सोडून द्याल. जिथे ती यंदाच पहिल्यांदा आलीय तिथे जा. रोप असं ओळखा: पानं समोरासमोर, त्रिकोणी, कडेला दातेरी, देठाजवळून तीन ठळक शिरा निघालेल्या, चुरगळलं की उग्र वास. घाणेरीचं खोड चौकोनी आणि काटेरी. ग्रामपंचायतीत कायद्याने जैवविविधता समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. कित्येक ठिकाणी ती वही एकदा भरून कपाटात गेली. त्या वहीत एक पान "नवीन काय आलं, कुठल्या वाडीत, कधी दिसलं" याचं असावं आणि दर पावसाळ्यात ते भरावं, हे ग्रामसभेत मागायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. उताराच्या जमिनीवर तणनाशक मारायचा ठराव आला तर विरोध करा, खाली विहीर आणि पऱ्ह्या (ओहोळ) आहे.

आणि वेळ कोणती, तर गणपतीची. तेव्हा चाकरमानी घरी असतात, वाडीत हात असतात, जमीन ओली असल्याने रोप मुळासकट निघतं आणि रानमोडी अजून फुललेली नसते. गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळचे दोन तास काढा. आपल्या घराचा गडगा, पाखाडी, विहिरीची वाट आणि देवळाचा परिसर एवढंच करा. कोयत्याने छाटू नका, धुमारे येतात. मुळाशी धरून उपटा, माती झटका आणि मुळं वर करून दगडावर उन्हात टाका. मोठा बुंधा कुदळीने खणून काढा. त्या जागी लगेच करंज किंवा उंडीचं रोप लावा, सावली धरेल. पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा जा, कारण मातीत बी शिल्लक असतं. ओळखायला अडचण आली तर पानाचा पाठून-पुढून फोटो खाली टाका, मी आणि इथले जाणकार नक्की सांगू.