मत्तय 17:21 कोणी पळवलं? आत्या, एकदाच सांगतो

गेल्या रविवारी उपासना सुटायच्या वेळेला नगरच्या आत्याचा फोन आला. आवाज असा, की मला वाटलं घरात कोणी गेलं. "तुझ्या मोबाइलमधलं इंग्रजी बायबल उघड. मत्तय सतरा, एकविसावं वचन वाच." उघडलं. मत्तयच्या शुभवर्तमानाचा सतरावा अध्याय. विसावं होतं, त्यानंतर थेट बाविसावं. "पाहिलंस? चोरलं मेल्यांनी."

हा मेसेज मी आठ-दहा वर्षं पाहतोय. आधी इंग्रजीत यायचा, मग अर्धामुर्धा मराठी झाला, आता मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, ग्रुपवर लाल त्रिकोण आणि हात जोडलेल्या चित्रांसकट फिरतो. मजकूर साधारण असा: एनआयव्ही आणि ईएसव्ही ही इंग्रजी बायबलं छापणारी झोंडरव्हन कंपनी आता हार्परकॉलिन्सच्या मालकीची आहे. तीच हार्परकॉलिन्स 'सॅटॅनिक बायबल' छापते. त्या लोकांनी बायबलातून 64,575 शब्द आणि 45 अख्खी वचनं काढून टाकली. 'जेहोवा', 'कॅल्व्हरी', 'होली घोस्ट' हे शब्द गायब केले. मोबाइलमधलं बायबल ते गुपचूप बदलतात, म्हणून जुनी छापील प्रत विकत घ्या आणि जपून ठेवा. खाली तपासून पाहायला वचनांची यादी, आणि शेवटी अर्थातच, दहा जणांना पाठवा.

असे मेसेज मी एरवी पुसून टाकतो. पण आत्याने ऐकून सोडून दिलं नाही. नातवाला दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतरच्या कन्फर्मेशनच्या विधीच्या) दिवशी मिळालेलं एनआयव्ही तिने वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि कपाटावर टाकलं. पोरगा इंग्रजी माध्यमाचा, मराठी पवित्र शास्त्र त्याला अडखळत वाचावं लागतं, आणि किंग जेम्स या 1611 च्या बायबलातलं चारशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी त्याच्या डोक्यावरून जातं. म्हणजे आता तो काहीच वाचत नाही. वचनं चोरीला जाऊ नयेत म्हणून घरातलं आख्खं पुस्तकच बंद! मुद्रितशोधन हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, पुस्तकातून ओळ गळाली तर शिव्या मला बसतात. तेव्हा या विषयावर चार शब्द बोलायचा हक्क मला आहे असं धरून चालतो.

आधी त्यातलं खरं तेवढं सांगून मोकळा होतो. झोंडरव्हन ही 1931 मध्ये मिशिगन राज्यात दोघा भावांनी सुरू केलेली कंपनी. 1988 मध्ये ती हार्पर अँड रोने विकत घेतली, आणि हार्पर अँड रो त्याच्या आदल्याच वर्षी रूपर्ट मर्डॉकच्या न्यूज कॉर्पच्या खिशात गेली होती. पुढे कॉलिन्सशी जोडून तिची हार्परकॉलिन्स झाली. 1999 मध्ये हार्परकॉलिन्सने हर्स्टकडून एव्हॉन ही प्रकाशनसंस्था घेतली. एव्हॉनच्या यादीत 1969 पासून अँटन लाव्हेचं ते सैतानी पुस्तक होतं. तर हो आत्या, एकाच धन्याच्या दुकानात एका फळीवर बायबल आणि दुसऱ्या फळीवर ते. मलाही हे फारसं रुचत नाही. अमेरिकेतली ख्रिस्ती प्रकाशनाची दोन मोठी जुनी घराणी आज त्याच एका धन्याकडे आहेत, कारण 2012 मध्ये हार्परकॉलिन्सने थॉमस नेल्सनही घेतलं.

पण थॉमस नेल्सन काय छापतं? न्यू किंग जेम्स. आणि साधं किंग जेम्ससुद्धा. धन्याच्या पापाने पुस्तक बाटत असेल, तर मेसेज लिहिणाऱ्यांचं लाडकं किंग जेम्सही त्याच दुकानात बाटलेलं आहे.

शिवाय एनआयव्हीचा मजकूर झोंडरव्हनचा नाहीच. भाषांतर करते ती विद्वानांची स्वतंत्र समिती, तिचं काम 1965 पासून चालू आहे. मजकुराचा हक्क बिब्लिका या संस्थेकडे, जिचं नाव पूर्वी इंटरनॅशनल बायबल सोसायटी होतं. झोंडरव्हनला मिळतो तो अमेरिकेत छापून विकायचा परवाना. ब्रिटनमध्ये तेच भाषांतर हॉडर अँड स्टॉटन छापते, तिचा मर्डॉकशी संबंध नाही, आणि तिच्या प्रतीतही मत्तय 17 मध्ये विसाव्यानंतर बाविसावंच येतं. ईएसव्हीला तर उगीचच गोवलंय. ते इलिनॉयमधल्या क्रॉसवे या ना-नफा संस्थेचं भाषांतर. एवढंही न बघता जो माणूस 64,575 पर्यंत शब्द मोजून दाखवतो, त्याच्या मोजणीवर मी विश्वास ठेवायचा?

आता वचनांकडे वळतो. खरा घोळ तिथेच आहे.

पहिल्यांदा आकडा. 45 कुठून आले देव जाणे, मेसेजच्या स्वतःच्या यादीतही दहा-बाराच असतात. एनआयव्हीत क्रमांकासकट वगळलेली वचनं 16 आहेत. आणि वगळली म्हणजे लपवली नाहीत. मत्तय 17:21 च्या जागी खाली तळटीप आहे, की काही हस्तलिखितांत इथे मार्क 9:29 सारखे शब्द येतात. अशी पावती लिहून ठेवणारा चोर मी अजून पाहिलेला नाही.

ही 16 वचनं कधी गेली, हे मी आत्याला सांगितलं नाही. तिच्याकडूनच वाचून घेतलं. आजोबांचं इंग्रजी बायबल तिच्या माडीवर लोखंडी ट्रंकेत आहे. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते, ते पुस्तक म्हणजे आमच्या घरातली सगळ्यात पवित्र वस्तू. म्हटलं, ते काढ, फोन चालू ठेव. नव्या कराराचं पहिलं पान वाच. तिने वाचलं: 1611 चं भाषांतर, प्राचीन आधारांशी ताडून 1881 मध्ये सुधारलेलं. हे रिव्हाइज्ड व्हर्जन. आता मत्तय सतरा. पानं उलटल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही.

"वीस... बावीस," आत्या म्हणाली.

समासात बारीक टाइपात टीप आहे, की पुष्कळ प्रतींत, त्यांतल्या काही प्राचीन, इथे एकविसावं वचन ('प्रार्थना आणि उपास यांशिवाय असली जात निघत नाही', भुताबद्दलचं) घातलेलं आढळतं. यादीतली बाकीची वचनं, मार्क 9:44 आणि 46, योहान 5:4, प्रेषितांची कृत्ये 8:37, तीही 1881 मध्येच मजकुरातून समासात गेलेली आहेत. 1881 मध्ये मर्डॉकचा जन्म सोडाच, त्याच्या वडिलांचाही झाला नव्हता. ते 1885 चे. एनआयव्हीचा नवा करार आला 1973 मध्ये, पूर्ण बायबल 1978 मध्ये, तेव्हाही ही वचनं मजकुरात नव्हती. झोंडरव्हन विकली गेली त्यानंतर दहा वर्षांनी. आता 'जुनी छापील प्रत घेऊन ठेवा' या सल्ल्याचं काय करायचं? 1978 ची घ्या, 1984 ची घ्या, एकविसावं तिथेही नाही. मेसेज लिहिणाऱ्याने स्वतःच्या सल्ल्याप्रमाणे जुनी प्रत एकदा उघडली असती तर आपले सगळ्यांचे कष्ट वाचले असते.

मग 1881 वाल्यांनी तरी का काढली? तर किंग जेम्सच्या मागे जो ग्रीक मजकूर होता, त्याची सुरुवात इरॅस्मस या डच विद्वानाने 1516 मध्ये बाझेलला छापलेल्या नव्या करारापासून होते. त्याच्या हाताशी मोजकी आणि बरीच अलीकडची हस्तलिखितं होती. प्रकटीकरणाची तर एकच प्रत, तिचंही शेवटचं पान फाटलेलं, म्हणून शेवटची वचनं त्याने लॅटिनवरून उलटी ग्रीकमध्ये आणली. नंतर जुन्या प्रती हाती आल्या. सीनाय डोंगराच्या पायथ्याच्या मठात 1844 आणि 1859 मध्ये टिशेनडॉर्फ या जर्मन अभ्यासकाला चौथ्या शतकातली प्रत मिळाली. व्हॅटिकनच्या ग्रंथालयातली तितकीच जुनी प्रत अभ्यासकांना नीट पाहता आली. या जुन्या प्रतींत मत्तय 17:21 नाही. आणि वचनांचे क्रमांक तर एस्तिएन नावाच्या छापखानेवाल्याने 1551 मध्ये घातलेले. वचन नंतरची भर निघाली तरी पुढचे क्रमांक बदलता येत नाहीत, नाहीतर जगभरच्या सगळ्या संदर्भांचा खेळखंडोबा होईल. म्हणून ते भोक दिसतं.

हे आपल्याला नवं वाटायचं कारण नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पाठ बिघडले, लोकांनी ओव्या घुसवल्या, म्हणून नाथांनी शके 1506 मध्ये प्रत शुद्ध केली. ज्ञानेश्वरीत जो आपली ओवी घालेल त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा, हे नाथांच्या नावावरचं बजावणं मराठी शाळेत शिकलेल्याला ठाऊक असतं. नाथांनी ज्ञानेश्वरी चोरली असं कोणी म्हणत नाही. बायबल नकलून काढणाऱ्यांचा हेतू बहुधा वाईट नव्हता. योहान 5:4 चंच घ्या. तिथे बेथेसदाच्या तळ्याकाठी आजारी माणूस म्हणतो, पाणी हालवलं जातं तेव्हा मला उतरवायला कोणी नसतं. पाणी का हालतं? कोणीतरी समासात लिहून ठेवलं की देवदूत येऊन हालवतो. पुढच्या नकलनविसाला वाटलं ही राहिलेली ओळ आहे, त्याने आत घेतली. हा प्रकार माझ्या टेबलावर महिन्यातून एकदा होतो. समासात मी 'इथे तारीख तपासा' लिहितो आणि पुढच्या प्रुफात 'इथे तारीख तपासा' हे मजकुरात छापून येतं.

उरलेल्यांतली बहुतेक दुसरीकडे जवळजवळ तशीच आहेत. मार्क 9:44 आणि 46 मध्ये जे आहे तेच 48 मध्ये आहे, आणि 48 एनआयव्हीत ठाम बसलेलं आहे. मत्तय 18:11 चा आशय लूक 19:10 मध्ये. लूक 17:36 ची तर गंमतच आहे: खुद्द 1611 च्या किंग जेम्सच्या समासात छापलंय, की हे वचन बहुतेक ग्रीक प्रतींत नाही. म्हणजे संशयाची पहिली नोंद त्यांच्याच घरची!

एक मात्र मलाही लागतं. प्रेषितांची कृत्ये 8:37, 'येशू ख्रिस्त देवाचा पुत्र आहे असा माझा विश्वास आहे' ही बाप्तिस्म्याआधीची हबशी षंढाची कबुली. बाप्तिस्म्याच्या प्रवचनात ते वचन आम्ही लहानपणापासून ऐकलं. ते तळटीपेत गेलेलं पाहून बरं वाटत नाही. पण इरॅस्मसलाही ते त्याच्या ग्रीक प्रतीत मजकुरात सापडलं नव्हतं, समासात सापडलं होतं, आणि राहून गेलं असेल म्हणून त्याने आत घेतलं. मला प्रिय आहे म्हणून ते कृत्यांचा लेखक लूक याने लिहिलं असं होत नाही.

आणि ख्रिस्ताचं नाव पुसायचा कट असेल तर कट करणारे अगदीच गाढव निघाले. यहूदाच्या पत्रातलं शेवटचं वचन काढा. 'आपला प्रभू येशू ख्रिस्त याच्याद्वारे' हे शब्द एनआयव्हीत आहेत, किंग जेम्समध्ये नाहीत.

शब्दांबद्दल फार लिहीत नाही. 'इन द हाउस' हे तीन शब्द, मराठीत 'घरात' हा एक. या हिशोबाने मराठी बायबलात किती हजार शब्द 'चोरले' ते मोजत बसा. 'कॅल्व्हरी' हे येशूला क्रुसावर दिलं त्या जागेचं नाव लॅटिनमधून आलेलं, मूळ ग्रीकमध्ये तिथे 'कवटी' असा साधा शब्द आहे. 'जेहोवा' हे देवाचं नाव किंग जेम्समध्येच जेमतेम सात ठिकाणी, त्यातली तीन जागांची किंवा वेद्यांची नावं. आपण 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' म्हणत लहानाचे मोठे झालो, तेव्हा कोणी ओरडलं नाही. आणि 'होली घोस्ट' गेलं म्हणून रडणाऱ्यांनी ते एकदा मराठीत शब्दशः करून मंडळीत म्हणून दाखवावं. आपल्याकडे तो पहिल्यापासून पवित्र आत्माच आहे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबल 1924 मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमधून निघालं. मूळ भाषा शिकून बसलेल्या त्या बाईंना 1611 च्या इंग्रजीशी शब्द जुळवून पाहायची गरज वाटली नव्हती.

मोबाइलमधला मजकूर बदलतो हे अर्धं खरं. 2011 मध्ये एनआयव्हीची सुधारित आवृत्ती आली आणि 1984 ची छापणं बंद झालं. 'ब्रदर्स'च्या जागी 'ब्रदर्स अँड सिस्टर्स' असले बदल त्यात होते. त्यावरून अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट या पंथाच्या मंडळींनी त्याच वर्षी निषेधाचा ठरावही केला. तो वाद खरा आहे आणि त्यावर भांडायला हरकत नाही, पण तो उघड्यावर, नावागावानिशी झाला. त्याचा 17:21 शी काडीचा संबंध नाही.

अमेरिकेतल्या ख्रिस्ती पुस्तकांची खरोखर काळजी करायची तर 2017 मध्ये फॅमिली ख्रिश्चनची दोनशेहून जास्त दुकानं बंद झाली, 2019 मध्ये लाइफवेने आपली 170 दुकानं बंद करायचं जाहीर केलं. त्यावर लाल त्रिकोणाचा एकही मेसेज मला आला नाही.

हे सगळं आत्याला पाऊण तास सांगितलं. ती शाळेत शिकवत होती, ऐकून घेते. शेवटी म्हणाली, "सगळं पटलं. पण एवढं महत्त्वाचं असेल तर ती तळटीप मुंगीएवढ्या अक्षरात का छापतात? आणि मोबाइलवर तर नुसता एक ठिपका. मला चष्मा लावूनही दिसला नाही."

यावर माझ्याकडे उत्तर नाही. तळटीपा बारीक छापायचा धंदा मीही वीस वर्षं करतोय.

नातवाचं बायबल कपाटावरून खाली आलंय. वर्तमानपत्र अजून काढलेलं नाही.