अन्नाचा माज? एका आजोबांना उत्तर

नमस्कार. सही 'एक आजोबा' अशी आहे, म्हणून आजोबाच म्हणते. खायला कुरकुरणाऱ्या मुलांची पदार्थांशी ओळख व्हावी म्हणून दह्यात बोटं बुडवायचे वगैरे खेळ मी सुचवले होते, त्यावर तुम्ही लिहिलंत: "हा अन्नाचा माज आहे. आमची पोरं पानात पडेल ते खायची. एक वेळ उपाशी ठेवा, सुतासारखी सरळ येतील. आणि दाणे घशात अडकले म्हणजे?"

माजाचं आधी. टबभर तांदूळ रंगवून त्यात गाड्या फिरवायच्या, ती रील्स मलाही बघवत नाहीत. मी लिहिलंय ते चमचाभर दह्याबद्दल, एखाद्या भेंडीबद्दल, मूठभर मटाराच्या शेंगांबद्दल. सोललेले मटार शेवटी उसळीतच जातात. कणकेची चिमणीही तव्यावर भाजूनच तोंडात जाते, कच्ची नाही.

उपाशी ठेवण्याचं म्हणाल, तर नुसती खोड असेल तिथे भूक काम करतेही. पण काही मुलांना बुळबुळीत, चिकट स्पर्शाचीच धास्ती असते. दह्याचा थेंब लागला की बोटं फाकवून, हात अंगापासून लांब धरून रडतात. जे बोटाला सोसत नाही ते जिभेला कसं सोसणार? अशा पोराला आधी चमच्याच्या दांड्याने दही ढवळू द्यावं. मग कधीतरी एका बोटाने ताटलीत रेघ, मग अख्खा तळवा. बोट चाटलं तर चाटलं. "आता खा बघू" म्हटलं की खेळ संपला. मुलांना आपला डाव लगेच कळतो. दर घासाला तोंड पुसायचीही घाई नको, हात शेवटी एकदाच धुवावेत.

दोन ते सहा वर्षांच्या वयात नव्या पदार्थाला नाक मुरडणं सर्रास असतं. एखादी भाजी पटायला ती 8-10 वेळा, कधी 15 वेळाही समोर यावी लागते. आपण मात्र तिसऱ्या दिवशीच 'हिला दुधी चालत नाही' असं जाहीर करून मोकळे होतो.

दाण्यांचं अगदी बरोबर. चार वर्षांच्या आत शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं खेळातही नकोत आणि ताटातही नकोत. द्राक्षं उभी चिरून द्यावीत, मटार मऊ शिजवून चेचून. सोलताना कच्चा दाणा तोंडात जाऊ नये म्हणून मोठं माणूस शेजारीच हवं. वजन वाढत नसेल, मूल दोन-चार पदार्थांवरच अडलं असेल किंवा खाताना सारखा ठसका लागत असेल, तर असल्या खेळांवर विसंबू नये, बालरोगतज्ज्ञांना दाखवावं.